जाय आता अंदर

टेनिसचा जुना चेंडू लाकडावर बसला की जो आवाज होतो, तो फार थोड्यांच्या कानात असेल. खऱ्या हॉकीचा आवाज वेगळा. तो चेंडू दीडशे ग्रॅमच्या वरचा, आत बूच आणि दोरा, वरून कातडं. तुतीच्या लाकडावर तो आदळतो तेव्हा असा टणकन वाजतो की मैदानाबाहेर उभ्या असलेल्या माणसालाही आपल्या नडग्या आठवतात. मी म्हणते तो आवाज त्याच्या खालच्या पट्टीतला. टेनिसच्या चेंडूचं वजन हॉकीच्या चेंडूच्या जेमतेम तिसरा हिस्सा, त्यात वापरून वापरून त्याची लव गेलेली, दम निम्मा झालेला, आणि समोर बाभळीची वाकडी फांदी. जिनिंगच्या आवारात कापसाच्या भरल्या गाठीवर कुणी तळहातानं थाप मारावी, तसा तो आवाज. ठप्. मग काही नाही. मग जरा लांबून पुन्हा, ठप्.

साठी आली तरी तो आवाज कुठूनतरी येतो. बहुधा मे महिन्यात येतो, आणि बहुधा संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास.

मे महिन्यातलं अकोलं दुपारी बोलत नाही. अकरानंतर रस्ते ओस पडतात, दुकानांची दारं अर्धी लोटलेली, गायी भिंतीच्या हातभर सावलीला चिकटून उभ्या, आणि घराघरांत वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारून माणसं त्यांच्या आड अंधारात पडून असतात. आमच्या लहानपणी ताटी ओली ठेवण्याचं काम पोरांकडे असायचं. तांब्यातलं पाणी वाळ्यावर पडलं की जो ओला, जुना, मुळांचा वास घरभर पसरायचा, त्या वासातच माझी अर्धी सुट्टी गेली. बाबा बनियनवर, छातीवर उघडं वर्तमानपत्र, डोळे मिटलेले. आजी जमिनीवर, पदर पाण्यात पिळून अंगावर घेतलेला. घड्याळाचा काटा तीनवर येऊन बसला की उठायचं नाव घेत नसे. आणि मग, ऊन अजून भिंतीवरून उतरलेलंही नसताना, मागच्या बाजूनं तो आवाज यायचा. ठप्. मी उठून बसायची. आजी डोळे न उघडता म्हणायची, ‘‘आलं का व बोलावणं?’’

आमच्या घराच्या मागे मिशन कंपाउंड होतं. अकोल्यात, अमरावतीत, खामगावला ज्यांचं बालपण गेलं, त्यांना मिशन कंपाउंड म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. एक लांबलचक बुटकी भिंत, आत कडुनिंबाची आणि चिंचेची जुनी झाडं, कौलारू चर्च, व्हरांड्याचा बंगला, विहीर, शाळेच्या बैठ्या खोल्या, आणि या सगळ्यांच्या मधोमध एवढी मोकळी जागा, की गावात एवढी मोकळी जागा कुणी कशाला ठेवली असेल असं वाटावं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी वऱ्हाडात पाठोपाठ दोन मोठे दुष्काळ पडले, १८९६-९७ चा आणि मग १८९९-१९०० चा. गावंच्या गावं रस्त्यावर आली, आणि आईबाप गेलेली पोरं मिशनच्या अनाथालयांत येऊन पोचली. कंपाउंडात राहणाऱ्या कित्येक घराण्यांची कहाणी त्या पोरांपासून सुरू होते. पलीकडच्या माणसांना आपले पणजोबा ठाऊक नसत आणि आम्हाला आमची सात पिढ्यांची नावं श्राद्धाला घडाघडा म्हणता येत. मध्ये छातीइतकी उंच भिंत. त्या भिंतीवर कोपरं टेकून मी पहिल्यांदा तो खेळ पाहिला.

साल १९७५. ते साल हॉकीचं होतं. मार्चमधल्या एका शनिवारी क्वालालंपूरला भारतानं पाकिस्तानला दोन-एक हरवलं आणि विश्वचषक जिंकला. आमच्या गल्लीत ज्यांच्याकडे ट्रान्झिस्टर होता त्यांच्या ओट्यावर बसायला जागा नव्हती. समालोचक जसदेव सिंगांचा आवाज चढत जायचा आणि आम्ही, ज्यांनी उभ्या जन्मात हॉकीचं मैदान पाहिलेलं नव्हतं, त्या आवाजाबरोबर उठून उभं राहायचो. त्याच्या आधी झालेल्या उपांत्य सामन्याची गोष्ट तर त्या उन्हाळाभर पुरली. मलेशियाविरुद्ध भारत एक-दोन असा मागे, वेळ संपत आलेली, आणि भोपाळचा अस्लम शेरखान बदली खेळाडू म्हणून आत येतो, गळ्यातल्या ताविजाला ओठ लावतो आणि पेनल्टी कॉर्नरवर गोल मारतो. मग जादा वेळेत हरचरणसिंगचा गोल. गल्लीतल्या प्रत्येक पोट्ट्याला अस्लम व्हायचं होतं. गळ्यात काही ना काही बांधून सगळे हिंडत होते. कुणाचा काळा दोरा, कुणाची आईच्या पेटीतली पितळी चावी.

तोच मे महिना. कंपाउंडातल्या चर्चनं मुलांसाठी हॉकीची लीग काढली. सुट्टीतली बायबल शाळा तिथे दरवर्षीच भरायची, सकाळी गाणी, गोष्टी, पाठांतर. त्या वर्षी तिला संध्याकाळची ही शेपटी जोडली गेली. काढली ती पाळकांनी. मोठी माणसं त्यांना पाळकसाहेब म्हणायची, आम्ही सगळी पोरं पास्टरकाका. उंच, किडकिडीत, विजारीचे पाय घोट्यावर दुमडलेले, गळ्यात दोरीला शिट्टी. रविवारी ते अगदी पुस्तकातलं मराठी बोलत, भिंतीपलीकडून मला प्रवचनातला शब्दन्‌शब्द ऐकू यायचा. आणि सोमवारी मैदानावर त्याच तोंडातून असं ठसठशीत वऱ्हाडी निघायचं की माझी आजीसुद्धा खिडकीत येऊन ऐकत बसायची.

चर्चच्या दाराशी एक काळा फळा होता. रविवारी त्यावर त्या दिवशीच्या गीतांचे क्रमांक लिहीत, आणि बाकी दिवस त्याच खडूनं सामन्यांचं वेळापत्रक. संघांची नावं बायबलमधली. दावीद, शमशोन, दानीएल, गिदोन. मी पुढे गिदोनमध्ये गेले. घरी येऊन आजीला विचारलं, गिदोन कोण गं? आजी तांदूळ निवडत होती. वर न पाहता म्हणाली, ‘‘असंल कोणी भीमाचा भाऊ.’’ त्यावर माझं समाधान झालं. त्या गिदोननं आपली फौज मुद्दाम कमी कमी करत नेली आणि मूठभर माणसांनिशी लढाई जिंकली, हे मला फार नंतर कळलं, आणि पास्टरकाकांनी संघांची नावं ठेवताना स्टिकांची संख्या मोजली असणार अशी मला दाट शंका आली.

कारण स्टिका फार थोड्या होत्या. खऱ्या, दुकानातल्या, मूठ गुंडाळलेल्या स्टिका म्हणजे मोठ्या मुलांनी वापरून चर्चला दिलेल्या तीन-चार; बाकी सगळा माल झाडांचा. बाभळीची खाली वळलेली फांदी शोधायची, कोयत्यानं तासायची, काटे खरवडायचे, काचेच्या तुकड्यानं घासायची. खरा चेंडूही नव्हता, म्हणून टेनिसचा. आणि मैदान? ते वऱ्हाडातल्या काळ्या मातीचं. पावसाळ्यात ही माती पायाला धरून ठेवते आणि उन्हाळ्यात तडकते. मे महिन्यात तिला अशा भेगा पडतात की त्यांत मनगटापर्यंत हात जावा. भेगांवर मुरूम पसरला होता, पण मुरूम खाली जायचा आणि भेग वर यायची. भरात आलेला खेळ, चेंडू गोलाकडे सुटलेला, आणि एकदम कुठेच नाही. सगळे थांबून जमिनीकडे पाहताहेत. मग कुणीतरी ओणवं होऊन भेगेतून चेंडू काढायचं, फुंकर मारायचं, आणि पास्टरकाका निवाडा द्यायचे, ‘‘भेगीतला चेंडू कोनाचाच नाही.’’ पुन्हा मध्यावरून सुरुवात.

नियम थोडेच होते. चेंडू गुडघ्याच्या वर मारायचा नाही. शिवी दिली की त्या दिवसापुरतं बाहेर. रविवारी खेळ नाही. आणि चौथा नियम असा, जो कुठल्याही हॉकीच्या पुस्तकात तेव्हा नव्हता: शिट्टी वाजून काका ज्याचं नाव घेतील त्यानं जिथे असेल तिथे थांबायचं, रेषेबाहेर यायचं, आणि आपली स्टिक बाहेर उभ्या असलेल्याच्या हातात द्यायची. तो कितीही चांगला खेळत असो. गोलाच्या तोंडाशी असो. बाहेरचा कितीही लहान, कितीही बावळा असो. पहिल्या दोन दिवसांत यावरून रडारड झाली, एका मोठ्या मुलानं स्टिक आपटून घरचा रस्ता धरला. काका काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी तो आला, आणि त्याचं नाव सगळ्यांत आधी घेतलं गेलं. त्यानं स्टिक दिली.

मला त्या नियमानंच आत नेलं.

मी रोज भिंतीवर असायची. फ्रॉकची झालर विटांना घासून फाटली होती. एका संध्याकाळी पलीकडून एक मुलगा आला, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा, केसांत धूळ, आणि खालून वर पाहत म्हणाला, ‘‘निस्ती पाहून रायली. येतं काय व खेळाले?’’ मी भिंतीवरून उतरले ती पलीकडच्या बाजूला. रेषेजवळ जाऊन उभी राहिले. मुलगी मी एकटीच नव्हते, कंपाउंडातल्या दोघीतिघी आधीपासून खेळत होत्या. पण भिंतीअलीकडची मी एकटी. काकांनी माझ्याकडे पाहिलं, नाव विचारलं, आडनाव विचारलं नाही. शिट्टी वाजली. त्याच मुलाचं नाव घेतलं गेलं. तो पळत आला, स्टिक माझ्या हातात दिली, आणि मागून आवाज आला, ‘‘जाय आता अंदर.’’

स्टिकची मूठ गरम होती. ओलसर. दुसऱ्याच्या तळव्याची ऊब आपल्या तळव्यात येते, तेव्हा क्षणभर कळत नाही की ती आपली की त्याची. मी पळाले. चेंडू आला. मी मारला, म्हणजे स्टिक चेंडूला लागली एवढंच. पण तो आवाज झाला, ठप्, आणि या वेळी तो भिंतीपलीकडून आला नव्हता. तो माझ्या मनगटातून वर दंडापर्यंत आला होता. जो आवाज मी इतके दिवस कानानं ऐकत होते, तो मुळात हाताचा आवाज आहे, हे मला तेव्हा समजलं.

खेळ संपला की सगळे वर्तुळ करून उभे राहत. काका छोटी प्रार्थना करत. बाकीचे डोळे मिटत. मी मिटल्यासारखं करून सगळ्यांचे चेहरे बघून घेई. घामाचे, धुळीचे, शांत चेहरे. कुणाच्या पापण्या थरथरताहेत, कुणी एका पायानं दुसरा पाय खाजवतोय. मग काकू बादलीतून लिंबाचं सरबत द्यायच्या, विहिरीच्या पाण्याचं, साखर कमी आणि मीठ जास्त. ते पिऊन घरी आलं की आजी मोरीत आधी पाय धुवायला लावी. धुळीचे पाय म्हणून, असं ती म्हणायची. आम्ही कुणी जास्त विचारलं नाही, आणि तिनं मला जाऊ नको असं एकदाही म्हटलं नाही.

एकदा अमरावतीच्या मुलांशी सामना ठरला. पॅसेंजरनं बडनेरा, तिथून अमरावती. सगळा डबा आमचाच. बाभळीच्या स्टिका खिडकीबाहेर काढलेल्या, काकूंनी बांधून दिलेल्या पोळ्या मूर्तिजापूर यायच्या आत संपलेल्या. अमरावती हे माझं आजोळ. मामा सामना पाहायला आले. मामा म्हणजे हनुमान आखाड्याचा माणूस, लहानपणी तिथल्या मातीत घोळलेला. त्यांच्या लेखी खरा खेळ मल्लखांबाशी सुरू होऊन कबड्डीशी संपायचा. १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची माणसं तिथे देशी खेळ दाखवून आली होती, आणि ती गोष्ट अमरावतीत तेव्हाही कालच घडल्यासारखी सांगितली जायची. त्याच बर्लिनमध्ये त्याच ऑगस्टात ध्यानचंदांच्या संघानं जर्मनीला आठ-एक हरवलं होतं, तारीख पंधरा, अजून कुणाला त्या तारखेचं काही विशेष नसलेली. मी मामांना म्हटलं, बघा, हॉकीसुद्धा होती. मामा कुंपणाला टेकून उभे होते. म्हणाले, ‘‘होती. पण ध्यानचंदाच्या हातात काठी होती, आपल्या मानसाच्या हातात काहीच नव्हतं.’’ मी यावर आजही उत्तर शोधते आहे.

सामना आम्ही हरलो. कितीनं ते सोडा. आमचा सगळ्यांत चांगला खेळाडू, रेल्वेतल्या एका फिटरचा मुलगा, ऐन शेवटी बाहेर काढला गेला आणि त्याच्या जागी दानीएल संघातलं एक एवढंसं पोर आत गेलं, ज्याच्या छातीपर्यंत स्टिक येत होती. परतीच्या गाडीत कुणी काकांशी बोलेना. बोरगाव मागे पडलं असेल, काका आपणहून म्हणाले, ‘‘अस्लमचं नाव सारे घेतात. अस्लम अंदर गेला तवा भायेर कोन आलं, सांगा बरं.’’ कुणालाच सांगता येईना. सगळा उन्हाळा आम्ही ताविजाची गोष्ट सांगत होतो, आणि कुणालाच माहीत नव्हतं. काका म्हणाले, ‘‘किंडो. मायकेल किंडो.’’ आणि खिडकीबाहेर पाहत राहिले. बाहेर अंधारात नांगरून ठेवलेली शेतं होती, पावसाची वाट पाहणारी.

पुढच्या वर्षी लीग झाली का, मला आठवत नाही. मी सातवीत गेले, फ्रॉक गेला, भिंतीवर चढणं गेलं. हॉकीचंही बरंच काही गेलं. १९७६ साली माँट्रियलच्या ऑलिंपिकमध्ये हॉकी पहिल्यांदा कृत्रिम गवतावर खेळली गेली आणि भारत सातवा आला. त्या हिरव्या गालिच्यावर चेंडू सरळ जातो, कुठे उसळत नाही, कुठे अडत नाही. आमच्या मातीवर खेळून ज्यांचे हात तयार झाले होते, त्यांना प्रत्येक उसळी आधी हाताला कळायची. त्या ज्ञानाचा आता काही उपयोग उरला नव्हता. मला हे फार वाईट वाटतं. तज्ज्ञ म्हणतील खेळ वेगवान झाला, देखणा झाला. असेल. पण ज्या मैदानाला भेग पडू शकत नाही त्यावर ‘कोनाचाच नाही’ असा चेंडूही असू शकत नाही.

लग्नानंतर काही वर्षं आम्ही रूरकेल्याला होतो. अकोल्यावरून जाणारी मुंबई-हावडा लाइनच पुढे तिथे जाते; रूळ तेच, फक्त बरंच पुढे. तिथे एका हिवाळ्यात, कापणी झाल्यावर, आमच्या शेजाऱ्यांनी सुंदरगढकडच्या एका गावात नेलं. साल वृक्षांच्या कडेला रिकामं झालेलं शेत, शेजारी पांढरं छोटं चर्च, आणि शेतात हॉकी. पोरं, पोरी, लग्न झालेल्या बाया, सगळे. बांबूच्या आणि वाकड्या फांद्यांच्या स्टिका. गोलाशेजारी एक बोकड बांधलेला, शांतपणे पाला खाणारा. जिंकणाऱ्याला तो बोकड, हरणाऱ्याला कोंबडा. खस्सी टूर्नामेंट म्हणतात तिकडे, आणि सुंदरगढपासून पलीकडे झारखंडातल्या सिमडेगापर्यंत गावोगाव हे सामने चालतात. मिशनऱ्यांनी हा खेळ त्या भागात नेला आणि तिथल्या मुंडा, उरांव, खडिया माणसांनी तो असा काही आपलासा केला की त्या टापूनं देशाला रांगेनं ऑलिंपिकपटू दिले.

त्यातला पहिला जयपालसिंग मुंडा. रांचीच्या मिशन शाळेतून ऑक्सफर्डला गेलेला, १९२८ साली ॲमस्टरडॅमला भारतीय संघाचा कप्तान. भारताचं ते हॉकीतलं पहिलं सुवर्णपदक. पण अंतिम सामन्यात कप्तान मैदानावर नव्हता. मतभेद होऊन तो त्याआधीच संघापासून दूर झाला होता. आणि मायकेल किंडो सिमडेग्याकडचाच. तो रूरकेल्याच्या पोलाद कारखान्यात नोकरीला होता, हे मला तिथे गेल्यावर कळलं. मी त्याला कधी भेटले नाही, भेटायचा प्रयत्नही केला नाही. गाव एक होतं, एवढंच. बाजारात उंच खांद्यांचा कुणी माणूस पाठमोरा दिसला की मला उगाच पॅसेंजरची ती खिडकी आठवायची. २०२०च्या शेवटच्या दिवशी तो रूरकेल्यातच गेला. वर्तमानपत्रात बातमी लहान होती. मी ती बराच वेळ समोर घेऊन बसले.

गेल्या वर्षी धाकट्या बहिणीनं कॅनडातून एक व्हिडिओ पाठवला. तिचा नातू टोरोंटोजवळ राहतो, आठ वर्षांचा आहे, आणि तिथल्या एका चर्चनं चालवलेल्या मुलांच्या बॉल हॉकी लीगमध्ये खेळतो. मी चष्मा लावून बसले. व्यायामशाळेचा गुळगुळीत मजला, दोन्ही टोकांना जाळ्या, पोरांच्या डोक्यावर हेल्मेट, पायांत साधे बूट, आणि भडक नारिंगी रंगाचा प्लास्टिकचा पोकळ चेंडू. बर्फावरच्या हॉकीतून बर्फ काढून घेतला की हा खेळ उरतो. बर्फ नाही, घसरायचे बूट नाहीत, त्यामुळे कुणाच्याही पोराला परवडतो. बहीण म्हणाली, चर्चची मुलं निम्मी, बाकी पंजाबी, तमिळ, फिलिपिनो, जमैकन, आणि आपला हा एक. मधल्या सुट्टीत दोन मिनिटं प्रार्थना होते. तेव्हा तो डोळे उघडे ठेवतो, अशी त्याच्या आईची तक्रार आहे. मी म्हटलं, ठेवू दे.

चेंडूचा आवाज आमच्या चेंडूचा नव्हता. तो जास्त कोरडा, जास्त वरचा होता. मी फोन कानाला लावून पाहिला, आवाज मोठा करून पाहिला. नाहीच. पण त्या व्हिडिओत मी दुसरंच काही पाहिलं. खेळ चालू असताना, शिट्टी न वाजता, कुणी न सांगता, एक पोर पळत बाकाशी येतं, आणि त्याच क्षणी दुसरं बाकावरून उठून आत उडी घेतं. मिनिटामिनिटाला. बाहेर आलेलं पोर धापा टाकत बसतं, पाणी पितं, आणि पुन्हा उठायच्या तयारीनं कडेला सरकतं. कुणी रडत नाही. त्या खेळाची रीतच ती आहे, अख्खा सामना एकानं खेळायचा अशी तिथे कल्पनाच नाही. मैदानी हॉकीनंही १९९०च्या दशकात हवं तेव्हा बाहेर यायची आणि हवं तेव्हा परत आत जायची मोकळीक दिली. अकोल्यातल्या एका पाळकानं स्टिका कमी पडतात म्हणून ती त्याच्या कितीतरी आधी दिली होती. हे कुठे नोंदलेलं नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

बहिणीनं आणखी एक गंमत सांगितली. उन्हाळ्यात तिकडची पोरं हाच खेळ घरासमोरच्या रस्त्यावर खेळतात. जाळी रस्त्याच्या मध्ये. गाडी आली की जो पहिला पाहील तो ओरडतो, ‘‘कार!’’ सगळे थांबतात, जाळी उचलून कडेला नेतात, गाडी जाऊ देतात, जाळी परत आणतात, आणि खेळ जिथे थांबला होता तिथून पुढे सुरू. गाडीवाल्यालाही घाई नसते. तोही कधीकाळी ओरडलेला असतो.

आमच्या जुन्या गल्लीत परवा गेले होते. पोरं होती, हातात प्लास्टिकची बॅट होती, विटांचा स्टम्प होता. फक्त दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या होत्या आणि खेळायला उरली होती मधली हातभर पट्टी. एक चेंडू एका गाडीच्या काचेला लागला, वरच्या मजल्यावरून कुणीतरी खेकसलं, आणि पोरं पांगली. म्हणून तुम्हाला एक विनंती आहे, तुम्ही अकोल्यात असा, अमरावतीत असा, की आणखी कुठे. तुमच्या दारासमोर पोरं खेळत असतील तर संध्याकाळपुरती तुमची गाडी जरा लांब, कोपऱ्यावर लावा आणि तेवढं पायी या. फार वेळाचा प्रश्न नाही. मे महिन्यात आपल्याकडे सात-सव्वासातपर्यंतच चांगलं दिसतं.